बिडीला सवलत नेमकी कुणासाठी?

1 फेब्रुवारी 2026 पासून देशात सिगारेट महाग झाली. जीएसटी 40 टक्के आणि त्यावर लांबीप्रमाणे दर हजार नगांमागे 2,050 ते 8,500 रुपये उत्पादन शुल्क. अधिसूचना निघाल्यावर सिगारेट कंपन्यांचे शेअर कोसळले, वाहिन्यांवर ‘धूम्रपान करणाऱ्यांना झटका’ वगैरे पट्ट्या फिरल्या. या सगळ्या गदारोळात एका गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेनं दरांची जी फेरमांडणी केली, तिच्यात बिडीवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. बिडी ज्यात वळतात त्या तेंदूपानावरचा 18 वरून 5 टक्क्यांवर आला. म्हणजे 18 टक्क्यांच्या ज्या रांगेत फ्रीज आणि टीव्ही आहेत, त्याच रांगेत आता बिडी आहे.

तंबाखूवरचा कर वाढवावा का, या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो, आणि आहे त्याहून बराच’ असं आहे. पण तो कुणाच्या ओठातल्या तंबाखूवर वाढवायचा आणि जमलेला पैसा कुठे जायचा, हे आधी ठरवलं नाही तर हा सगळा प्रकार तिजोरी भरण्याचा एक सोज्वळ मार्ग एवढाच उरतो. सध्या तसंच चाललंय.

आधी साधा हिशेब करू. पंचवीस बिड्यांचं बंडल समजा 25 रुपयांना मिळतं. 18 टक्के दरानं त्यात जीएसटी सुमारे 3 रुपये 80 पैसे, म्हणजे एका बिडीमागे 15 पैसे. सर्वांत आखूड सिगारेटवर नुसतं उत्पादन शुल्कच 2 रुपये 5 पैसे आहे, 40 टक्के जीएसटी वेगळा. हा फरक बिडी कमी घातक आहे म्हणून ठेवला असता तर एकवेळ समजलं असतं. पण तसं नाही. तेंदूपान कागदासारखं सच्छिद्र नसतं, बिडी सारखी विझते, म्हणून ओढणाऱ्याला ती पेटती ठेवायला जास्त आणि खोल झुरके घ्यावे लागतात. निकोटीन आणि डांबर सिगारेटइतकंच, कित्येकदा जास्तच छातीत जातं. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे भारतात बिडी ओढणारे प्रौढ 7.7 टक्के होते आणि सिगारेट ओढणारे 4 टक्के. म्हणजे देशातल्या धूम्रपानाचा मोठा भाग बिडीचा, आणि कराची सगळी धार सिगारेटवर. तंबाखूच्या किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान 75 टक्के असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ही नवी रचना येण्याआधी सिगारेटमध्ये तो निम्म्याच्या जरा वर होता. बिडीत जेमतेम 22 टक्के. त्यातून आता आणखी खाली.

महाराष्ट्राचं चित्र तर याहून निराळं आहे. त्याच पाहणीनुसार आपल्याकडे प्रौढांपैकी 26.6 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात, पण धूम्रपान करणारे फक्त 3.8 टक्के. बाकीचे चघळतात, घासतात, गालात धरतात. तळहातावर चुना घालून मळलेली तंबाखू, विदर्भातला सुपारी-तंबाखूचा खर्रा, नगर-मराठवाड्याकडचा मावा, सकाळी चुलीशी बसून लावलेली मिश्री. राज्यातल्या सुमारे 17 टक्के बायका तंबाखू घेतात आणि त्यातल्या बहुतेकींनी सिगारेटला कधी हातही लावलेला नसतो. सिगारेटवरच्या कराची बातमी त्यांच्यापर्यंत पोचत नाही, कारण ती त्यांच्यासाठी नाहीच.

तंबाखूच्या पुडीवर कागदोपत्री कर बराच आहे. तरी ती पाच-दहा रुपयांना मिळते. कर वाढला की कारखानदार किंमत हलवत नाही, पुडीतला माल कमी करतो. नाणं तेच, पुडी तीच, गिऱ्हाइकाला काही कळत नाही. शिवाय किती पुड्या भरल्या हे लपवणं या धंद्यात फार सोपं. नव्या नियमांत पुड्या भरणाऱ्या यंत्रांच्या क्षमतेवर शुल्क आकारायचं ठरलंय, ते म्हणूनच योग्य आहे. यंत्र मोजता येतं, पुडी मोजता येत नाही. पण टपरीवर डोळ्यांदेखत घोटला जाणारा खर्रा कोणत्या यंत्रात मोजणार? तिथे कच्च्या तंबाखूवर आणि सुपारीवरच लक्ष ठेवावं लागेल.

किंमत वाढवून माणसं खरंच तंबाखू सोडतात का? चौकात हा प्रश्न विचारला तर हमखास उत्तर येतं, ‘तलफ आलेला माणूस उधारीवर घेईल पण सोडणार नाही.’ एखाद्या जुन्या व्यसनी माणसाबद्दल ते खरंही असेल. पण कराचा परिणाम एका माणसात नाही, लाखो माणसांच्या बेरजेत दिसतो. भारतासारख्या देशांत किंमत 10 टक्के वाढली की खप साधारण 5 टक्के घटतो, हा अनेक देशांतल्या अभ्यासांतून निघालेला अंदाज आहे. कुणी सोडतो, कुणी दिवसाच्या दहाच्या सहा करतो. सर्वांत मोठा फरक पडतो तो अजून न लागलेल्या पोरांत, ज्यांच्या खिशात मोजके पैसे असतात. आणि खप 5 टक्के घटला तरी किंमत 10 टक्के वाढलेली असते, म्हणून सरकारचं उत्पन्न घटत नाही, वाढतं. अर्थमंत्र्यांना आवडेल असा हा दुर्मीळ आरोग्य-उपाय आहे.

फक्त वाढ एकदाच करून भागत नाही. 2017 मध्ये जीएसटी आला त्यानंतर सिगारेटवरचा कर दोनदा किरकोळ हलला, 2020 आणि 2023 मध्ये. दरम्यान पगार वाढले, मजुरी वाढली, भाजी-दूध महागलं. छापील किंमत वाढूनही कमाईच्या मानानं सिगारेट जवळजवळ होती तिथेच राहिली. फेब्रुवारीतली वाढ हे मुख्यतः त्या आठ-नऊ वर्षांचं थकलेलं देणं आहे. पुढची वाढ पुन्हा 2034 ला येणार असेल तर तिचा उपयोग दोन वर्षांत विरून जाईल. दरवर्षी महागाईच्या वर काही टक्के, आपोआप, अर्थसंकल्पातल्या भाषणाची वाट न पाहता, अशी वाढ कायद्यातच लिहायला हवी.

सुट्ट्या विक्रीची गोष्टही इथेच येते. महाराष्ट्रानं सप्टेंबर 2020 मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी केली. कोणत्याही टपरीवर जा आणि ती बंदी शोधून दाखवा. दहाचं पाकीट वीस-चाळीसनं महागलं तरी कॉलेजच्या पोराला एक नग घेताना दोन-चार रुपयेच जास्त मोजावे लागतात, पाकिटावरचं सडलेल्या तोंडाचं चित्रही त्याच्या हातात येत नाही. कराचा घाव सुट्ट्या विक्रीत बोथट होतो. टपरीवाल्यांवर पोलीस सोडा असं मी म्हणत नाही. तो मार्ग शेवटी हप्त्याकडेच जातो. पण विक्रीचा परवाना, आणि मोडल्यावर परवाना जाईल ही भीती, एवढं तरी महापालिका आणि नगरपालिकांना करता येण्याजोगं आहे.

आता मुख्य आक्षेप. ‘बिडीवर कर म्हणजे गरिबावर कर.’ हा आक्षेप मला सिगारेट कंपन्यांच्या युक्तिवादांपेक्षा कितीतरी गंभीर वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. जो गवंडी, जो हमाल बिडी सोडणार नाही, त्याच्या घरात त्या वाढीव पैशांनी दूध कमी येईल. हे होतं, आणि कराचे समर्थक ते झाकतात. पण उरलेला अर्धा भागही बघू. किंमत वाढल्यावर सर्वांत जास्त कोण सोडतं? गरीबच, कारण त्याला ती वाढ बोचते. आणि स्वस्त बिडीची किंमत शेवटी कोण भरतं? मुंबईला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर आणि परळच्या आसपासच्या धर्मशाळांत जाऊन बघा. जळगाव, बीड, यवतमाळकडून आलेली कुटुंबं तिथे महिनोन् महिने राहतात. कमावता माणूस आजारी, दुसरा त्याच्या उशाशी, दोन्ही मजुऱ्या बंद, गावाकडे जमीन गहाण. 2017-18 या एका वर्षात, पस्तिशीपुढच्या लोकांच्या तंबाखूजन्य आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा देशाला पडलेला भुर्दंड 1,77,341 कोटी रुपयांचा होता. तंबाखूवरच्या अबकारीतून मिळालेलं उत्पन्न त्याच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढं. तुलनेसाठी, 2025-26 मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची सगळी तरतूद एक लाख कोटींच्या आत होती. गरिबाला स्वस्तात बिडी देऊन आपण त्याच्यावर उपकार करत नाही.

मग बिडीला ही सवलत कुणाच्या नावानं मिळते? बिडी कामगारांच्या. देशात नोंदलेले बिडी कामगार पन्नास लाखांच्या घरात आहेत, बहुतेक बायका. सोलापुरात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या हजारो बायकांनी पिढ्यान् पिढ्या मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या. सिन्नर, संगमनेर, गोंदिया, कामठीकडेही हाच धंदा. मजुरी हजारी, म्हणजे हजार बिड्यांमागे इतके रुपये. तंबाखूची धूळ दिवसभर नाकात, पाठ वाकलेली, आणि माल ‘छाटला’ म्हणजे खराब ठरवला की तेवढी मजुरी गेली. जीएसटी दहा टक्क्यांनी उतरवताना यातला एक रुपया मजुरीत जाईल अशी कोणतीही अट घातलेली नाही. कराची सूट मालकाच्या नफ्यात जाईल किंवा बिडी थोडी स्वस्त होईल. वळणारणीच्या हातात काय?

ज्या गोष्टीनं वळणारणीच्या हातात खरंच काही पडत होतं, ती आपण 2017 मध्ये शांतपणे मोडून टाकली. 1976 च्या कायद्यानं बिडीवर एक छोटा कल्याण उपकर होता, शेवटी दर हजार बिड्यांमागे पाच रुपये. त्याचा वेगळा निधी होता, आणि त्यातून कामगारांचे दवाखाने, पोरांच्या शिष्यवृत्त्या, घरांचं अनुदान चालायचं. सोलापूरजवळ कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावानं महिला बिडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या लांबलचक लढ्यातून, केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार बाया यांच्या पैशातून ती उभी राहिली. तंबाखूवरचा ठरावीक कर ठरावीक माणसांसाठी वापरता येतो, याचा पुरावा शोधायला परदेशात जायची गरज नाही. जीएसटी आणताना अनेक छोटे उपकर एका फटक्यात रद्द झाले, त्यात हाही गेला. योजना पुढे सर्वसाधारण अंदाजपत्रकातून चालू राहिल्या, पण ‘हा पैसा आमचा’ असं म्हणायचा कामगारांचा आधार गेला.

परदेशातलं एक उदाहरण तरीही सांगायला हवं, कारण तिथेही हेच पेच होते. फिलिपिन्सनं 2012 च्या अखेरीस तंबाखू आणि दारूवरचा कर एकदम वाढवला. कायद्यातच लिहिलं, की वाढीव उत्पन्नातला एक हिस्सा तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांना जाईल आणि उरलेल्यातला 80 टक्के गरिबांचा आरोग्य विमा व सार्वजनिक आरोग्य यावर खर्च होईल. स्वस्त आणि महाग सिगारेटचे वेगवेगळे दर टप्प्याटप्प्यानं मोडून एकच दर केला, म्हणजे महागाची सोडून स्वस्ताची धरायची पळवाट बंद. धूम्रपान करणाऱ्यांचं प्रमाण 2009 मध्ये सुमारे 28 टक्के होतं, ते 2015 पर्यंत 23 टक्क्यांच्या आसपास आलं. आरोग्य खात्याचं अंदाजपत्रक चार वर्षांत दुपटीहून जास्त वाढलं. सगळंच गोड झालं असं नाही. गेल्या काही वर्षांत तिथे चोरट्या सिगारेटी वाढल्यात आणि तंबाखूचं उत्पन्न घसरलंय. पण लोकांनी कर सहन केला, त्याचं कारण हातात विम्याचं कार्ड आलं.

आपल्याकडे काय केलं? पानमसाल्यावर जो नवा उपकर आला, त्यात आरोग्य सुरक्षा आणि राष्ट्रीय सुरक्षा दोन्ही घातल्या. दवाखाना आणि तोफखाना एका उपकरात बांधल्यावर पैसा कुणीकडे ओढला जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. उपकरांचा आपला इतिहासही काही चांगला नाही: 2018-19 मध्ये निरनिराळ्या उपकरांतून आणि तत्सम करांतून जमलेल्या सुमारे 2.74 लाख कोटींपैकी 1.1 लाख कोटी ठरलेल्या निधींत पोचलेच नाहीत, असं कॅगनं नोंदवलं होतं. म्हणून नुसतं ‘आरोग्यासाठी’ असं शीर्षक पुरत नाही. वेगळं खातं, दरवर्षी त्याचा जिल्हावार हिशेब, आणि कशावर खर्च करायचा याची छोटी यादी हवी: तोंडाच्या कर्करोगाची तालुका पातळीवर तपासणी, व्यसनमुक्तीचं समुपदेशन, निकोटीनच्या गोळ्या-चुइंगम सरकारी दवाखान्यात फुकट. आज तंबाखू सोडू पाहणाऱ्या शेतमजुराला प्राथमिक आरोग्य केंद्रात भिंतीवरच्या पोस्टरखेरीज फारसं काही मिळत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या पुढाकारानं चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्तीच्या मोहिमेनं गावोगावी जे काम केलं, ते करायला माणसं लागतात आणि माणसांना पगार लागतो. तो यातून यावा.

यात राज्याचा वाटा हा आणखी एक गुंता आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, त्यात कर्करोग आलाच. म्हणजे गाल कापावा लागलेल्या माणसाच्या शस्त्रक्रियेचं बिल मोठ्या प्रमाणात राज्य भरतं. पण तंबाखूवर स्वतःचा कर वाढवायची राज्याची मुभा 2017 मध्ये गेली. त्याआधी राजस्थाननं व्हॅट 65 टक्क्यांपर्यंत नेला होता, तसं आता कुणालाही करता येत नाही. जीएसटीचा निम्मा वाटा राज्याला मिळतो, उत्पादन शुल्कातलाही हिस्सा वित्त आयोगाच्या सूत्रानं येतो, पण उपकर राज्यांशी वाटून घेण्याचं केंद्रावर घटनेचं बंधन नाही. खर्च इकडे, निर्णय तिकडे. महाराष्ट्राच्या आमदारांनी या मुद्द्यावर विधानभवनाच्या पायऱ्यांवर बसलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

कंपन्यांचा आवडता युक्तिवाद चोरट्या व्यापाराचा. तो साफ खोटा नाही. ऑस्ट्रेलियात कर इतका चढला, की चोरट्या तंबाखूच्या टोळ्या उभ्या राहिल्या आणि मेलबर्नमध्ये दुकानं पेटवली गेली. आपण त्या उंचीच्या जवळपासही नाही. पण चोरट्या मालाचा धडा आपल्याला घरातच मिळालाय. 2012 पासून महाराष्ट्रात गुटखाबंदी आहे, दरवर्षी अधिसूचना निघते, सीमेवर ट्रक पकडले जातात, आणि टपरीवर पानमसाल्याची एक पुडी व तंबाखूची दुसरी शेजारी शेजारी लटकते; गिऱ्हाईक दोन्ही तोंडात एकत्र करतं. बंदीत भाव वाढतो तो तस्कराच्या खिशात जातो. करात तोच वाढलेला पैसा सरकारकडे येतो, निदान यायला हवा. म्हणूनच ज्यांना तंबाखूवर सरसकट बंदी हवी आहे, त्यांच्याशी माझं पटत नाही.

शेतकऱ्याचा प्रश्न राहिला. बिडीच्या तंबाखूचा विषय निघाला की निपाणी आठवणारच. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथे शेतकऱ्यांनी रस्ता अडवून धरला, गोळीबार झाला, माणसं गेली. भांडण कराचं नव्हतं, व्यापारी भाव पाडतात याचं होतं. बिडीवर कर कमी असताना शेतकरी सुखी होता असं निपाणीत कुणी म्हणणार नाही. खप एका रात्रीत मरत नाही. दहा-पंधरा वर्षांत हळूहळू उतरतो, आणि तेवढ्यात दुसऱ्या पिकाकडे जायला मदत करायची तर फिलिपिन्ससारखा हिस्सा बाजूला काढता येतो. तेच बिडी कामगारांचं. त्यांच्या मुली आज सोलापूरच्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत जातायत. बिडी वळायला नवी पिढी फारशी उत्सुक नाही, कर असो वा नसो.

जाता जाता एक गंमत. आयटीसी या देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत एलआयसीचा हिस्सा पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे. तीच एलआयसी आपल्या मुदत विम्यात धूम्रपान न करणाऱ्याला कमी हप्ता लावते. धोका किती, हे तिच्या गणितज्ञांना नक्की माहीत आहे.

जीएसटी परिषदेत एक तृतीयांश मतं केंद्राची आणि दोन तृतीयांश राज्यांची असतात, आणि ठराव व्हायला तीन चतुर्थांश लागतात. बिडी आणि तेंदूपान ज्यांच्या राजकारणात वजनदार आहे अशी मध्य प्रदेश, छत्तीसगड, पश्चिम बंगाल, तेलंगणासारखी राज्यं तिथे बसलेली आहेत, म्हणून बिडीवर 40 टक्के हा ठराव सहज होणार नाही. महाराष्ट्राचीही अडचण आहे. गडचिरोली-गोंदियातल्या ग्रामसभांना तेंदूपानाच्या विक्रीतून वर्षाचा मोठा पैसा मिळतो, आणि तो त्यांनी हक्कानं मिळवलेला आहे. म्हणून मांडणी अशी हवी: तेंदूपानावरचा 5 टक्के दर राहू द्या, बिडीवरचा कर पाच वर्षांत पायऱ्या-पायऱ्यांनी सिगारेटच्या बरोबरीला न्या, आणि पहिल्या दिवसापासून त्या वाढीतला ठरलेला हिस्सा बिडी कामगारांच्या आणि तेंदू गोळा करणाऱ्यांच्या वेगळ्या निधीत टाका, 1976 सारखा, पण पाच रुपये हजारीपेक्षा कितीतरी मोठा. हा प्रस्ताव परिषदेत लेखी मांडायला महाराष्ट्राच्या अर्थमंत्र्यांना दुसऱ्या कुणाची परवानगी लागत नाही.